धाकट्याचं पत्र

धाकट्या भावाचं पत्र मी पाच वर्षं दडवून ठेवलं. घरात अक्षर ओळखणारा मी एकटाच, म्हणून ते जमलं.

लढाई सुरू झाली तेव्हा तो फौजेत गेला. पाय जायबंदी होऊन सुटला, पण साताऱ्याकडे फिरकला नाही. पत्र कलकत्त्याहून आलं. इथंच दुसरं घर केलंय, परत येणार नाही, पंच बसवून माझ्या नावानं काडी मोडा आणि बायकोला मोकळी करा, एवढाच मजकूर. आमच्यात काडीमोड झाली की बाईला पाट लावून दुसऱ्याशी लग्न करता येई. नवरा हजर नसला तरी त्याचा निरोप पंचांना पुरे होई.

आई तेव्हा अंथरुणाला खिळलेली. 'आत्याबाई, आत्याबाई' करत तिचं सगळं भावजयच करायची. ही गेली तर आईचं कोण बघणार? मी पत्र देव्हाऱ्यामागं सारलं.

पुढच्या वर्षी भावजयीचे वडील सांगलीकडून आले. एक विधुर तिला करून घ्यायला तयार होता. पंच बसले. धाकट्याचा काही सांगावा आहे का, असं त्यांनी मला विचारलं.

"न्हाई," मी म्हणालो.

सांगावा नाही, मेल्याची खबर नाही, काडी मोडायची कुणाच्या नावानं, म्हणत पंच उठले. विधुरानं वर्षभर वाट पाहिली आणि दुसरीकडं पाट लावला.

आई वारली. तरीही मी गप्पच. मग घटस्फोटाचा कायदा आला आणि मी, भावजय आणि तिचे वडील साताऱ्याला वकिलाकडं गेलो. वकील म्हणाले, नवरा बेपत्ता म्हणायचा तर सात वर्षं खबर नसावी लागते. ती भरलेली नाहीत. टाकून गेला म्हणायचं तर चार पुरेत, पण पुरावा हवा.

मी कोपरीच्या खिशातून पत्र काढून टेबलावर ठेवलं. वकिलांनी ते तारखेसकट मोठ्यानं वाचलं. तिच्या वडिलांनी माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही.

थोरल्या दिरानं धाकट्या भावजयीशी बोलायचं नाही, ही आमची रीत. इतकी वर्षं एका छपराखाली राहून आमच्यात एक शब्द झाला नव्हता. कचेरीच्या पायरीवर तिनं डोक्यावरचा पदर मागं सारला.

"आत्याबाई गेल्या, तवा तरी सांगायचं."

मी पागोटं उतरवून तिच्या पायाशी ठेवलं.

"पोरी, चुकलं माझं. तुजी वरसं म्या खाल्ली."