पणग

उन्हाळा चढू लागला की आमच्या जळगावच्या घरात दुपारचं ऊन पश्चिमेच्या खिडकीतून तिरपं उतरतं, आणि यंदा ते फरशीवर पोहोचेपर्यंत हिरवं झालेलं असतं. खिडकी आणि फरशी यांच्या मधे माशांची काचेची पेटी आहे. तिच्या चारही भिंतींवर आतून शेवाळ धरलं आहे, आणि त्यातून झिरपलेला उजेड जुन्या बाटलीतल्या काढ्यासारखा खोलीत साचून राहतो. त्याच्याबरोबर एक वास येतो. तापलेल्या मातीवर पाणी शिंपडल्यावर जो येतो तो हा नव्हे. त्यात तृप्ती असते. हा बराच काळ कुणी न हलवलेल्या पाण्याचा वास आहे, आणि तो माझ्या साडीला, पुस्तकांना, उशीला लागून राहिला आहे.

माघात माझे पती सुभाष गेले. आमचं कापडाचं दुकान आहे; तिथल्या पांढऱ्या गादीवर बसून कुणासाठी तरी सुटाचं कापड मोजता मोजता ते एका बाजूला कलंडले, आणि समोरच्या गिऱ्हाइकाला वाटलं, पडलेली कात्री उचलायला वाकले असतील. त्यानंतर या घरात पुष्कळ गोष्टी थांबल्या. जी थांबली नाही ती एकच, शेवाळाची वाढ. आधी काचेच्या खालच्या कडेला दुधावर साय धरावी तशी एक फिकट आभा आली, मग विखुरलेले ठिपके, मग ते ठिपके एकमेकांना भेटले, आणि एके दिवशी पलीकडची खिडकी दिसेनाशी झाली. मी रोज पाहत होते. वरून झाकण उचलून चिमूटभर दाणे टाकायचे, आत काहीतरी हललं असं वाटायचं, आणि झाकण लावायचं, एवढंच माझ्याकडून होत होतं. शोकाच्या घरात माणसं कुजबुजत बोलतात, देव्हाऱ्यातली समईसुद्धा जरा मिणमिणती वाटते; पण शेवाळाला कुणी सांगितलं नव्हतं की आता वाढायचं नाही.

जैनांच्या घरी माशांची पेटी कशी, असा प्रश्न आमच्याकडे पहिल्यांदा येणाऱ्या प्रत्येकाने विचारला आहे. दीपनगरच्या वीजकेंद्रात इंजिनिअर असलेला सुभाषचा एक मित्र बदली होऊन लांब गेला आणि जाताना ही पेटी, माशांसकट, आमच्या घरी आणून ठेवून गेला. बाई, म्हणजे माझ्या सासूबाई, तेव्हाही कडकच होत्या. "जीव कोंडायचे आणि वर त्यांचं कौतुक बघायचं?" त्या म्हणाल्या. सुभाष हसले. "बाई, बाहेर काढले तर मरतील. ही आपली पांजरापोळच समज." बाईंनी मग अट घातली, की यात एकही मासा कधी विकत आणून टाकायचा नाही. आणि त्या दिवसापासून बाई कधी पेटीसमोर उभ्या राहिल्या नाहीत. त्या खोलीतून जायची वेळ आली तर मान भिंतीकडे ठेवून जात. मासे गप्पी जातीचे, आपसांत वाढणारे, त्यामुळे पेटी कधी ओस पडली नाही. मासे गप्पी आणि मालक गप्प, अशी आमच्या घरातली थट्टा होती. दिवसभर गिऱ्हाइकांशी बोलून आलेले सुभाष संध्याकाळी त्या पेटीसमोरच्या स्टुलावर बसत आणि अर्धा-पाऊण तास कुणाशीच बोलत नसत. स्वयंपाकघरातून मला त्यांची पाठ दिसायची.

रविवारी अंघोळ झाली की ते काच पुसत. कशाने पुसत, हे मला ठाऊक नव्हतं. पेटीखालच्या फळीवर मी शोधलं, तर दाण्यांचा डबा मिळाला, एक छोटं जाळं, पाणी उपसायची रबरी नळी. पुसायचं साधन असं काहीच नव्हतं. म्हणून चैत्र संपता संपता मी बाजारात गेले.

मी मूळची साक्रीची. तिथे वडिलांचं धान्याचं दुकान होतं आणि मागे दगडी परस. पावसाळ्यात त्या दगडांवर मखमल अंथरावी तसं शेवाळ यायचं, आणि शेजारच्या मुलींच्या आया त्यांना ओरडायच्या, घसरशील, पाय मोडेल. माझी आईही ओरडायची, पण तिचं भय उलट होतं. आपल्या पावलाखाली त्या हिरव्यातले अगणित जीव चिरडतील, म्हणून ती आम्हाला भिंतीला चिकटून, कोरडे दगड हेरत चालायला लावी. इतर मुली शेवाळाला घाबरायच्या आणि मी शेवाळासाठी घाबरायची. पुढे मी जळगावला येऊन कॉलेजात मराठी शिकवू लागले, शब्दांच्या व्युत्पत्ती सांगू लागले, आणि ते भय कुठेतरी मागे राहिलं असं मला वाटत होतं. माशांच्या दुकानात काउंटरवर शेवाळ खरडायची सगळी हत्यारं मांडली गेली तेव्हा कळलं की ते माझ्याबरोबरच चालत आलं आहे, भिंतीला चिकटून.

दुकानदार बोलका होता, मराठीत अहिराणी मिसळणारा. रंगीत माशांच्या रांगांमध्ये, पंपांच्या बुडबुड आवाजात, त्याने आधी माझं आडनाव विचारलं आणि मग परीक्षा घेतली.

"ताई, तुमचा टँक काचेचा शे का प्लास्टिकचा?"

"काचेचा."

"मग डरायचं काम नाही. हे ब्लेड घ्या, लांब दांडीचं. बठ्ठं एका हातात खरडून निघेल. फक्त कोपऱ्यात जपा, तिथलं डिंकासारखं शे ना, ते कापलं की पाणी घरभर."

ब्लेड नको वाटलं. त्याने स्पंज दाखवला, ताठ केसांचा ब्रश दाखवला, आणि मग मोठ्या अभिमानाने चुंबकाची एक जोडी काढली. दोन ठोकळे, एक आत सोडायचा, एक बाहेरून धरायचा, आणि काच मधे.

"बाहेरचा फिरवला की आतला गुमान मागे मागे येतो. हात ओला करायचं काम नाही. नवरा-बायकोसारखं शे, ताई."

"आणि बाहेरचा एकदम काढून घेतला तर?" मी विचारलं.

"तर आतला पडतो तळाला, वाळूत," तो म्हणाला. "मग त्याला वाळू चिकटते. तसाच पुन्हा फिरवला तर काचेवर रेघोट्या. त्या मग नाही जात."

त्याला सुभाषबद्दल काही माहीत नव्हतं, आणि माहीत असायचं कारणही नव्हतं. मी तो ठोकळा हातात धरून उभी राहिले. कदाचित फारच वेळ, कारण त्याने मला हसवण्यासाठी एका पेटीतला काळसर, काचेला तोंड लावून चिकटलेला मासा दाखवला. "नाहीतर हा सकर न्या. दिवसभर शेवाळंच खातो. तुमच्यात चालेल, शुद्ध शाकाहारी शे." माघानंतर पहिल्यांदा मला हसू आलं, आणि ते ओठांपर्यंत येऊन परत गेलं. मासा विकत आणायचा नाही, ही अट अजून घरात जिवंत होती. मी ब्लेड, स्पंज, ब्रश आणि चुंबक, असं सगळंच घेतलं. निवड करता येत नाही तेव्हा माणूस सगळं घेतो.

घरी ती पिशवी मी जेवणाच्या टेबलावर ठेवली. बाई सामायिकाचं ध्यान संपवून उठल्या होत्या, तोंडावरून सोडलेल्या मुखपत्तीची घडी घालत होत्या.

"काय आणलंस बिंदणी?" सुनेला त्या अजून माहेरच्या मारवाडीतच हाक मारतात.

"पेटीचं शेवाळ काढायला."

"पणग," त्या म्हणाल्या.

"काय?"

"पणग. रोज संध्याकाळी प्रतिक्रमणात म्हणतेस ना? का नुसती ओठ हलवतेस, प्रोफेसरीणबाई?"

मी म्हणत होते. लहानपणापासून म्हणत आले आहे. जाता-येता आपल्या पायाखाली कोण कोण दुखावलं गेलं, त्यांची नावं घेऊन क्षमा मागायची असते, आणि त्या नावांच्या ओळीत हा एक शब्द येतो, दव आणि मुंग्यांची वारुळं आणि पाणी आणि कोळ्यांची जाळी यांच्या मधे. एवढी वर्षं तो माझ्या जिभेवरून गुळगुळीत गोट्यासारखा घरंगळत गेला. मुलांना मी शब्दांची मुळं उकरून दाखवत होते, आणि रोज संध्याकाळी ज्यांची क्षमा मागत होते ते कोण, हे मी कधी विचारलं नव्हतं. पणग म्हणजे शेवाळ. पाच रंगांचं असतं, बाई म्हणाल्या. हिरवं त्यातलं एक.

त्यानंतर ती पिशवी तिथेच पडून राहिली. दुपारी मी ब्लेड हातात घेऊन पेटीसमोर जायची आणि परत यायची. हे पाप-पुण्याचं कोडं होतं असं मी म्हणणार नाही. माझी श्रद्धा तेवढी शाबूत नाही. मला फक्त एवढं दिसत होतं की त्या काचेवर माघापासूनचा सगळा काळ थरावर थर बसला आहे, आणि सुभाषशिवायचा आमचा काळ घरात आणखी कुठेच साठलेला नाही. कपाटात त्यांचे सदरे होते तसे आहेत, दुकान उघडतं आणि मिटतं. खरडलं तर ती काच माघातल्या त्या सकाळीइतकी स्वच्छ होईल, आणि समोर स्टूल रिकामं असेल. न खरडलं तर आतले मासे कधी मेले हेही मला कळणार नाही. दोन्ही विचारांना शेवट नव्हता. उकाड्यात अंग चिकट व्हायचं, कूलरमधल्या वाळ्याचा वास त्या पाण्याच्या वासात मिसळायचा, आणि मी ब्लेड परत पिशवीत ठेवायची.

एका दुपारी मी डोळे मिटून पडले होते, तर काठीचा आवाज त्या खोलीकडे जाताना ऐकू आला. उठून गेले. बाई पेटीसमोर उभ्या होत्या. मान भिंतीकडे नव्हती.

"सुभाष कशानं पुसायचा?"

"माहीत नाही, बाई. काही सापडलं नाही."

"हातानंच," त्या म्हणाल्या. "रविवारी जेवायला बसला की नखात हिरवं असायचं. मी त्याला परत हात धुवायला पाठवायची."

मी सुभाषना इतकी वर्षं वाढत होते. ताटात काय हवं, काय नको, पोळी किती मऊ, भाजीत तिखट किती, सगळं मला कळत होतं. नखांतलं हिरवं मी पाहिलं नव्हतं.

"झाकण काढ," बाई म्हणाल्या.

"मी करते, तुम्ही राहू द्या."

"ब्लेडला काय कळतं? करायचंच तर ज्याला कळतं त्यानं करावं." आणि त्यांनी लुगड्याचा पदर खोचला, काठी माझ्या हातात दिली, आणि तो बांगडी नसलेला, सुरकुतलेला हात कोपरापर्यंत पाण्यात घातला. बोटाच्या पेरानं काच पुसली, फार हळू, जसा झोपलेल्या मुलाच्या कपाळावर सरकून आलेला कुंचीचा काठ मागे सारावा. शेवाळाचा एक पापुद्रा सुटला आणि पाण्यात तरंगत गेला. त्यांचे ओठ हलत होते. तळहाताएवढी जागा उघडी झाली, आणि मग दमून त्यांनी हात बाहेर काढला. "एवढं पुरे," त्या म्हणाल्या, आणि ज्यांना दुखावलं त्यांची क्षमा त्यांनी तिथेच, ओल्या हाताने, मागून टाकली.

मग त्या सुभाषच्या स्टुलावर बसल्या आणि त्या जागेला डोळा लावला. ज्या पेटीकडे त्यांनी कधी पाहिलं नव्हतं तिच्यात त्या बराच वेळ पाहत राहिल्या. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतरही त्यांना जवळचं नीट दिसत नाही.

"तो काय बघायचा गं?" त्यांनी विचारलं.

माझ्याजवळ फक्त त्यांची पाठ होती, स्टुलावर थोडी पुढे झुकलेली. त्या पाठीच्या पलीकडे काय चाललं होतं, ते मी त्यांना विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं की नाही, हेही मला माहीत नाही. दोघींना एका वेळी पाहता येईल एवढी ती जागा नव्हती. बाई बाजूला झाल्या आणि मी वाकले.

मासे होते. माझ्या अपेक्षेपेक्षा जास्त, आणि बहुतेक लहान. शेपट्यांना नुकता रंग येऊ लागलेला. माघानंतर, त्या हिरव्या अंधारात जन्मलेले असणार. उघड्या काचेमागे माझा चेहरा येताच ते गोळा झाले आणि तोंडं उघडत-मिटत राहिले. दाण्यांसाठी असेल. यांच्यातल्या कुणाला सुभाष ठाऊक नव्हते. मी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, वाळूत पाहिलं, पाण्याच्या वरच्या कडेला जिथे प्रकाश थरथरत होता तिथे पाहिलं. रोज अर्धा-पाऊण तास एक माणूस इथे बसून जे पाहत होता ते यांतलं काहीही असू शकत होतं, किंवा यांतलं काहीच नसेल, आणि ते त्यांच्याबरोबरच पूर्णपणे निघून गेलं होतं.

"दिसलं?" मागून बाईंनी विचारलं. काठी शोधण्यासाठी त्यांचा ओला हात माझ्या खांद्यावर आला होता.

"हो," मी म्हणाले.

त्यांना बरं वाटलं असावं. त्यांनी जास्त विचारलं नाही. काठी घेऊन, भिंतीला धरत त्या आत गेल्या. आता त्या उद्या पुन्हा येतील, तेवढीच जागा पुसतील, मला वाकायला सांगतील, आणि मग विचारतील, काय दिसलं ते सांग. मी तिथेच बसून आहे, आणि त्यांना काय सांगायचं ते मला सुचत नाही.