पणजीच्या आईचा रकाना

स्वरूपाला तिच्या माहेरी ‘हट्टी’ म्हणत. चुकीचं नव्हतं ते. नवऱ्याच्या बँकेच्या बदलीमुळे ती जपानात ग्योतोकूला आली, वर्षभर घरात बसून कंटाळली, आणि मग स्टेशनजवळच्या बेंतोच्या दुकानात, म्हणजे जेवणाचे डबे भरून विकणाऱ्या दुकानात, बाइतो, म्हणजे अर्धवेळ काम, करू लागली. सकाळी भाताचे डबे भरायचे, दुपारी घरी येऊन लॅपटॉप उघडायचा आणि स्कॉटलंडमधल्या मेलेल्या माणसांच्या मागे लागायचं! नवरा, सत्यजित, म्हणायचा, “अगं, जिवंत नातेवाईक कमी पडले का तुला?” ती लक्ष द्यायची नाही.

कारण होतं तिची पणजी, सरोजिनी. पुण्यातल्या एका शिक्षकाची बायको. कुलवृत्तांतात तिच्या नावापुढे ‘माहेर: इंदूर’ एवढंच छापलेलं. पण स्वरूपाच्या वडिलांनी जाण्याआधी लेकीच्या हातात एक जुना फोटो ठेवला होता. फोटोत एक गोरा माणूस, मागे लिहिलेलं: जेम्स मकलेरन, डंडी, जन्म १८७१. “हा माझ्या आजीचा बाप,” वडील म्हणाले, “कुणाला सांगू नकोस.” इतकी वर्षं कुणाला संशय का आला नाही? अहो, घाऱ्या डोळ्यांचा तोरा मिरवणाऱ्या कुळात आणखी दोन घारे डोळे कुणाच्या ध्यानात येणार!

तर स्वरूपा शोधायला बसली. १८९१ची शिरगणती काढली. डंडीत जेम्स मकलेरन पैशाला पासरी. त्यातला एक वीस वर्षांचा, फिटर, विधवा आईबरोबर राहणारा. पण आईचं नाव इझाबेला डथी. आईचं आडनाव वेगळं? म्हणजे हा आपला नव्हे, असं म्हणून स्वरूपाबाईंनी त्याला बाजूला टाकला आणि आठ महिने भलत्याच मकलेरनांची मढी उकरली. शेवटी तिथल्या अभिलेखागारातल्या एका बाईने कळवलं, आमच्याकडे लग्न झालं तरी कागदोपत्री बायकांचं माहेरचं नाव कायम राहायचं. स्वरूपाने कपाळावर हात मारून घेतला. आपल्याकडे आडनावच काय, तांदळात बोट फिरवून पाळण्यातलं नावही बदलतात. तिच्या डोक्यात दुसरं येणार कुठून?

मग मात्र गाडी धावली. मुंबईच्या गिरणीत फिटर म्हणून गेलेल्या जेम्सच्या बहिणीची पणती, मॉइरा नावाची निवृत्त शिक्षिका, सापडली. तिच्याकडे घरचं बायबल होतं आणि त्याच्या पहिल्या कोऱ्या पानांवर इझाबेलाबाईने घरातले जन्ममृत्यू लिहून ठेवले होते. मॉइराने फोटो पाठवला. ‘मुंबई, ऑगस्ट १८९९. जेम्सची मुलगी सारा. आई यमुना भिकू, गिरणीत कामाला.’ खाली, ‘१९०३. यमुना प्लेगने गेली. सारा मिशनच्या शाळेत.’ आणि त्याखाली दुसऱ्या कुणाच्या अक्षरात, ‘१९१७. साराचं लग्न, पुण्याचे शिक्षक. आता तिला सरोजिनी म्हणतात.’ शिक्षकांचं नावही होतं, स्वरूपाच्या पणजोबांचं.

स्वरूपा रडली. डंडीतल्या चाळीत राहणाऱ्या, कधी मुंबई न पाहिलेल्या म्हातारीने यमुनाचं नाव जपून लिहिलं होतं, आणि आमचा नऊशे पानी कुलवृत्तांत म्हणे!

नेमकी त्या ग्रंथाची नवी आवृत्ती निघत होती आणि संपादक होते तिचे सख्खे काका, नंदूकाका. रविवारी तिने व्हिडिओ कॉल लावला. तिला वाटलं होतं काका भडकतील. काका तर हरखले!

“स्कॉटिश? अगं, मग एवढे दिवस गप्प का बसलीस? इंजिनिअर होता ना?”

“फिटर होता, काका.”

“तेच ते. रंगीत पान देऊ आपण, त्यांच्या चौकडीच्या कापडाची किनार वगैरे.”

“आणि यमुना?”

काका चष्मा पुसू लागले. “ती कोण कुठली, कुठल्या जातीची, लग्न तरी झालं होतं का... घरात अजून लग्नाच्या मुली आहेत, स्वरूपा. आईचा रकाना कोरा ठेवू.”

“तुमच्या आजीची आई आहे ती! साहेब चालतो आणि आपल्या मातीतली बाई चालत नाही?”

“जास्त शहाणपणा नको,” म्हणत काकांनी फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी तिने डबे भरता भरता दुकानात बरोबर काम करणाऱ्या होरी-सानना, म्हणजे होरीबाईंना, हे सांगितलं. होरी-सान म्हणाल्या, आमच्या जुन्या कुटुंबनोंदीत घरातून गेलेल्या माणसाच्या नावावर काट मारायचे. पण काटेखालचं नाव वाचता येतं.

दोन महिन्यांनी ग्रंथ आला. ‘वडील: जेम्स मकलेरन, इंजिनिअर. आई:’ आणि पुढे पांढरं. स्वरूपाने बॉलपेन घेतलं, ‘इंजिनिअर’ खोडून ‘फिटर’ लिहिलं, कोऱ्या रकान्यात ‘यमुना भिकू, गिरणी कामगार’ लिहिलं, आणि त्या पानाचा फोटो बायबलच्या पानासकट कुलमंडळाच्या चारशे जणांच्या ग्रुपवर टाकला. वर एक ओळ: ‘सर्वांनी आपापल्या प्रतीत दुरुस्ती करून घ्यावी.’ अकरा मिनिटांत काकांनी फोटो उडवला आणि तिलाही ग्रुपमधून काढलं. “काढा!” ती स्वयंपाकघरात ओरडली. “मी काय भिते की काय!” पण माहेर होतं ते तिचं.

दुसऱ्या दिवशी घरी परतण्याआधी ती स्टेशनात प्रवासाचं कार्ड रिचार्ज करत उभी होती आणि फोन वाजला. साताऱ्याहून अनघाआत्या, नंदूकाकांची थोरली बहीण, वय वर्षं ब्याऐंशी.

“स्वरूपा, तो फोटो मी नीट वाचायच्या आत नंद्याने काढला गं. लहानपणी मी एकदा विचारलं होतं, आजीची आई कोण म्हणून. मुस्काटात बसली होती माझ्या. पुन्हा कधी विचारलं नाही.” पलीकडे पानं उलटल्याचा आवाज आला. “पुस्तक उघडून बसलेय. नाव सांग. मोठ्याने बोल, मला कमी ऐकू येतं.”

त्या स्टेशनात फोनवर कुणी कुजबुजण्यापलीकडे आवाज काढत नाही. स्वरूपाने आजूबाजूला पाहिलं आणि छातीत भरेल तेवढा श्वास घेतला.

“यमुना!” ती ओरडली. माणसं वळून बघू लागली. “यमुना भिकू! लिहिलंत का, आत्या?”