वाळूत बसलेली नवरी

आमच्या गावचा ओढा औंढ्याकडच्या डोंगरात एका खडकाखालून निघतो. तिथून काळ्या दगडांवरून खळखळत उतरतो, गावाला वळसा घालतो, करंजांच्या सावलीतून जातो आणि पुढे कयाधू नदीला मिळतो. बारमाही आहे. आज हे मी छाती ठोकून सांगते, पण लग्न होऊन आले त्या दिवशी याच ओढ्यानं मला रडवलं होतं.

माझं माहेर कुरुंद्याकडच्या माळावर. तेव्हा निजामाचं राज्य होतं. उन्हाळा लागला की गावचा आड आटायचा आणि आम्ही पोरी लांबून घागरी वाहायचो. मान अवघडून जायची. म्हणून सोयरीक बघायला निघालेल्या बापाला मी बजावलं होतं, "नवरा कसा बी चालल, पाणी तेवढं बराबर पाहून या." दिवाळीच्या सुमारास बाप ओढा पाहून आला आणि खुशीत म्हणाला, "बारमाही हाय!" नवऱ्याबद्दल मी काही विचारलंच नाही.

वैशाखात लग्न झालं. वरातीची बैलगाडी गावाजवळ ओढ्यात उतरली आणि बघते तर नुसती वाळू! माझं डोकंच फिरलं. गाडीतून उडी मारली आणि पात्रात मधोमध फतकल मारून बसले. "मी न्हाई येणार. फसवलं तुमी. मला माहेरी नेऊन सोडा."

सगळी वरात भोवती गोळा झाली. नवरा बिचारा मुंडावळ्या सावरत नुसता उभा. सासू मात्र हसली. "कोणी उठवू नका तिला. दमलं लेकरू. बस गं, निवांत बस."

मी मुसमुसत बसले. जरा वेळानं बुडाला गार लागलं. दचकून उठले, तर नवं लुगडं मागून चिंब आणि बसले होते त्या खळग्यात पाणी जमू लागलेलं! सासूनं तिथंच हातानं वाळू उकरली. बघता बघता झिरा भरला. तिनं पाण्याची ओंजळ माझ्यापुढे धरली.

"उन्हाळ्यात इथं वाळूखालून वाहून राहिलंय. खाली करंजापाशी पुन्हा वर येतंय. पी."

पाणी गोड होतं. मला इतका आनंद झाला, की चारचौघांत ओल्या लुगड्याची लाजसुद्धा वाटली नाही. उंबऱ्यावरचं माप मी तशीच ओलांडून आत गेले.

नवरा जन्मभर लोकांना सांगायचा, "हिनं ओढ्याशी लगीन लावलं, मी आपला सोबतीला." सगळे हसायचे. त्या दिवसापुरतं तरी ते खरंच होतं.