मेंजोचा दाणा

सरजोमहातू गावातल्या निम्म्या माणसांची नावं मेंजोच्या बोटांतून पडली होती. गावात कुणाला त्याचं विशेष वाटत नसे. एखादीचा हात पाखडायला चांगला असतो, तसा हिचा नावाला चांगला, एवढंच.

पद्धत साधी होती. सोयर फिटलं की अंगण सारवायचं. मधोमध काशाची वाटी ठेवायची, काठोकाठ पाणी. समोर बाळाला मांडीवर घेऊन आई बसणार. एक नाव घ्यायचं आणि तांदळाचा एक दाणा पाण्यावर सोडायचा. तरंगला तर नाव लागलं. बुडला तर पुढचं नाव, पुढचा दाणा. मनाला येतील ती नावं चालत नसत. मुलगी असेल तर आधी बापाच्या आईचं, मग आईच्या आईचं, मग चुलत आज्या, आत्या, मावश्या. माणूस हयात असो की दगडाखाली गेलेलं असो. ज्याचं नाव लागलं तो त्या बाळाचा सकी. पुढं जन्मभर ती दोघं एकमेकांना 'सकी' म्हणणार, नावानं हाक मारणार नाहीत. सकीनं बाळाला एक कापड द्यायचं. आपल्या पश्चात आपलं नाव गावात हिंडत राहणार, या हिशेबानं ते कापड स्वस्तच पडे.

मेंजो या गावात सून म्हणून आली तेव्हा दाणे तिची सासू टाकत असे. सासूनं हे काम तिला शिकवलं ते एका वाक्यात. "बोट पाण्याला टेकवून सोडशील तर तरंगेल, वीतभर वरून सोडशील तर बुडेल, आणि मधल्या उंचीवरून सोडशील तर पितर ठरवतील."

मेंजो मधल्या उंचीवरून सोडत असे. बहुतेक वेळा.

कधीकधी मात्र तिचा उजवा हात सहज केसांकडे जाई. भांगातलं करंजाचं तेल बोटाला लागे, बोटाचं दाण्याला. तेलकट दाणा बुडत नाही. ज्या म्हाताऱ्याला कुणी विचारत नव्हतं त्याचं नाव अशा वेळी नातवाला लागे, आणि म्हातारा आठवडाभर तांदळाची दारू, डियांग, पिऊन गावभर सांगत सुटे. मेंजो वाटीतलं पाणी झाडाच्या मुळाशी ओतून घरी जाई.

तिला स्वतःला मूल झालं नाही. नवरा तुराम लोखंडाच्या खाणीत होता. लाल धुळीचा खोकला घेऊन घरी आला आणि त्यातच गेला. माहेरचा भाऊ आसामच्या चहामळ्यात गेला तो तिकडचाच झाला. त्याच्या नातींची नावं काय, हे तिला कधी कळलं नाही. राहिलं धाकट्या दिराचं घर. एकच अंगण, समोरासमोर दारं. पण दाणे टाकणारीनं स्वतःचं नाव उच्चारायचं नाही, असा नियम होता. आणि दुसरं कुणी तिचं नाव सुचवत नसे. ज्या बाईची कूस भरली नाही तिचं नाव आपल्या लेकीला कशाला, असं आया मनात म्हणत. मोठ्यानं कुणी म्हणत नसे. मोठ्यानं म्हणायचं काम तिच्या धाकट्या जावेनं, रायमुनीनं, एकटीनं अंगावर घेतलं होतं.

"थोरले, तुझं नाव वाटीत टाकलं तर दाण्याबरोबर वाटीही बुडेल."

"बुडू दे. तुझी वाटी तशीही गळकी आहे."

दोघी असं बोलत बोलत म्हाताऱ्या झाल्या होत्या.

मेंजोनं पत्र्याच्या पेटीत एक कापड ठेवलं होतं. लाल काठाचं, बाजारातून आणलेलं. दर वर्षी ती ते उन्हात टाकी आणि पुन्हा घडी करून ठेवी. कशासाठी, ते रायमुनीनं विचारलं नाही. एवढी एक गोष्ट तिनं विचारली नाही.

रायमुनीचा धाकटा मुलगा सिदियू. खाणीवर डंपर चालवायचा. त्याच्या नावाची गोष्ट थोडी वेगळी होती. रायमुनीचा एक भाऊ लहानपणी गावतळ्यात बुडून गेला होता. असं मरण आलेल्याला घरात परत बोलावत नाहीत. आदिंगमध्ये, म्हणजे पितरांच्या अंधाऱ्या खोलीत, त्याला जागा नसते. त्याचं नाव वाटीवर घेत नाहीत. धाकट्या मुलाच्या वेळी चार दाणे बुडाले. मग रायमुनी खाली मान घालून हळूच म्हणाली, "सिदियू." सासऱ्यानं मान वर केली. कुणी काही बोलायच्या आत मेंजोनं भांगावरून हात फिरवला आणि दाणा सोडला. तो तरंगला. तरंगलेल्या दाण्याशी कुणी वाद घालत नाही.

रायमुनीनं त्यावर कधी अवाक्षर काढलं नाही. तिनं पाहिलं होतं की नाही, हे मेंजोला माहीत नव्हतं. फक्त सिदियू मोठा होईपर्यंत रायमुनीनं त्याला तळ्याकडं फिरकू दिलं नाही आणि तो हातपंपाखाली आंघोळ करत राहिला.

सिदियूच्या बायकोचे, जानोचे, दिवस भरत आले तेव्हा मेंजोच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. समोरचा माणूस आवाजावरून ओळखायचा. वाटीतलं पाणी म्हणजे एक पांढरा डाग. तिनं काम शेजारच्या चामीकडं सोपवलं. चामी नवी सून, हात हलका, स्वभाव सरळ. मेंजोनं तिला उंची शिकवली. केसांच्या तेलाचं सांगितलं नाही.

ते सांगायचं राहून गेलं, असं नव्हतं. एका संध्याकाळी जानो तिच्या ओट्यावर येऊन बसली होती.

"मोठी आई, मुलगी झाली तर मी तुझं नाव घालणार वाटीत."

मेंजो शेंगा सोलत होती. ती सोलत राहिली.

"तुझ्या सासूला विचार."

"तिचं पहिलं येणारच. ते बुडालं तर दुसरं माझ्या आईचं. आईनं मला सांगितलंय, माझं घालू नकोस, माझ्या तीन सकी झाल्यात, कापडं देऊन दमले. म्हणजे मग तुझंच."

त्या रात्री चामीला बोलावून तेलाचं सांगता आलं असतं. एवढंच बोलायचं होतं. पण मग चामीनं विचारलं असतं, आजवर कुणाकुणाला लावलंस? आणि मेंजोला आणखी एक गोष्ट नको होती. दुसऱ्यांच्या नावाला तिनं तेल लावलं होतं. आपलं नाव आपण होऊन तरंगावं, एवढीच तिची इच्छा होती. ते तरंगलं नाही तर तुरामशेजारी दगडाखाली जायचं होतं, आणि मेंजो म्हणून कुणी होती हे तिथंच संपणार होतं.

मुलगी झाली. तालुक्याच्या दवाखान्यात, नीट, रडकी.

सिदियू सुट्टी काढून आला. जेवण झाल्यावर फोन घेऊन मेंजोच्या ओट्यावर टेकला.

"मोठी आई, ऐक. आपल्याच बोलीतली नावं आहेत, अर्थासकट. सेंगेल म्हणजे आग."

"पोरीचं नाव आग ठेवणार?"

"ते मुलाचं आहे."

"मग ठेवा. छप्पर पेंढ्याचं नाही ना आता."

"इपिल ऐक. इपिल म्हणजे तारा. मला आवडलंय."

"इपिल कोण होती?"

"कोण म्हणजे? तारा."

"तारा आहे आकाशात. पोर आजारी पडली तर खाली येऊन बसणार आहे का तिच्या उशाशी?"

सिदियू हसला. मग त्यानं विचारलं, "बरं, मेंजोचा अर्थ काय?"

हे तिला कुणी कधी विचारलं नव्हतं.

"मेंजो म्हणजे मी," ती म्हणाली. "माझ्याआधी माझ्या बापाची आत्या. तिनं विणलेली चटई फाटायची नाही. तिच्याआधी एक होती, ती फार भांडायची. त्याच्या मागचं मला कुणी सांगितलं नाही."

"म्हणजे चटई आणि भांडण."

"आणि मी."

समोरच्या दारातून रायमुनीचा आवाज आला. "भांडणच जास्त."

नावाच्या दिवशी सकाळी अंगणात बायका जमल्या. मेंजो पहिल्यांदाच वाटीपासून लांब बसली, भिंतीला टेकून. कापड पदराखाली होतं. आणायचं नाही असं ठरवून तिनं ते आणलं होतं.

"रायमुनी," चामी म्हणाली. बापाच्या आईचा मान पहिला.

दाणा पडल्याचा आवाज येत नाही. मेंजो बायकांचे आवाज ऐकत होती. दाणा बुडाला की बायका 'च्च' करतात. तरंगला की एकदम बोलायला लागतात. या वेळी दोन्ही झालं नाही. एक श्वास ऐकू आला, बऱ्याच जणींचा मिळून. मग काहीच नाही. मग बांगड्या वाजल्या. रायमुनीच्या, पितळेच्या.

"बुडला," रायमुनी म्हणाली. "गळकी वाटी. पुढचं नाव घे."

चामी गप्प होती.

"चामी, बहिरी झालीस का? पुढचं घे म्हटलं."

"मेंजो," चामी म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता.

पुन्हा तीच शांतता. एक कोंबडी अंगणातून गेली. मेंजोच्या मुठीत कापडाचा काठ आवळला गेला होता.

"तरंगला," रायमुनी म्हणाली. "अगं, काय बघत बसलात? तरंगला! जानो, तरंगला ना?"

"हो," जानो म्हणाली. "तरंगला." आणि मग सगळ्या एकदम बोलायला लागल्या, जरा जास्तच मोठ्यानं.

दोघींनी मेंजोला धरून वाटीपाशी आणलं. सकीनं वाटीत बोट बुडवायचं आणि ते ओलं बोट बाळाच्या कपाळाला लावायचं, अशी रीत होती. मेंजोनं बोट पाण्यावरून हलकेच फिरवलं, काठाला धरून, मग मधून. पाण्यावर काही नव्हतं. तिनं बोट खाली नेलं. तळाशी एक दाणा होता.

एकच.

रायमुनीचा बुडला असता आणि तिचा तरंगला असता तर एक वर हवा होता, एक खाली. वरचा कुणीतरी उचलला होता. खालचा तिचा होता. तिला समजायला वेळ लागला नाही. आयुष्यभर ती याच पाण्याकडं बघत आली होती.

रायमुनीनं तिचं मनगट धरलं, हात बाळाकडं न्यायला. रायमुनीच्या बोटांची टोकं ओली होती.

मेंजोचं नाव बुडालं होतं. मधल्या उंचीवरून, सरळ हातानं, पितरांनी ठरवल्याप्रमाणं. वाटी उलटी करून तसं सांगता आलं असतं. मग बाळ रायमुनीची सकी झालं असतं, आणि तेच खरं होतं. बायका थांबल्या होत्या. मेंजोही थांबली. तिला तो म्हातारा आठवला, आठवडाभर गावभर सांगत हिंडणारा. आपला दाणा कसा तरंगला, हे त्यानं तिला कधी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर तिनं काय सांगितलं असतं?

तिनं बोट बाळाच्या कपाळाला लावलं.

"सकी," ती म्हणाली.

बाळ रडायला लागलं. जानोनं कापड उलगडून त्याच्यावर टाकलं. घडीच्या रेषांवर ते जरा पिवळं पडलं होतं.

दुपारी भात आणि कोंबडीचं जेवण झालं. दोघी जावांनी डियांगचा दुसरा द्रोण बरोबरच संपवला.

"धाकटे," मेंजो म्हणाली, "तुझा दाणा उचलायचा कशाला?"

"कुठला दाणा?"

"वर ठेवला असतास, तर एक वर, एक खाली. मला कळलंही नसतं. एवढी वर्षं शेजारी बसून बघितलंस, काही शिकली नाहीस."

रायमुनीनं द्रोण खाली ठेवला.

"तरंगत होता मेला. माझ्याकडं बघत होता. राहवलं नाही." मग ती म्हणाली, "तुझा हात केसांकडं गेला होता तेव्हा मी काही विचारलं होतं का?"

हातपंपावर सिदियू आंघोळ करत होता. पाण्याचा आवाज येत होता.

शाळेत घालताना पोरीचं नाव इपिल लावायचं, असं त्यानं परस्पर ठरवून टाकलं. मेंजोची हरकत नव्हती. शाळेत कुठलंही चालतं.

घरात मात्र रायमुनीला नवीनच सुख मिळालं. आयुष्यभर जिला 'थोरले' म्हणावं लागलं तिचं नाव आता तिला मोठ्यानं, हव्या त्या सुरात घेता येत होतं. सकाळ झाली की समोरच्या दारातून सुरू होई.

"मेंजो! पुन्हा मुतलीस? आत्ताच बदललं होतं ना? लाज नाही ती कसली!"

मेंजो आपल्या ओट्यावर शेंगा सोलत असे.

"मी नाही हो," ती तिथूनच म्हणे. "सकीला विचारा."