लुगडं पांघरून काढलेली धार

बायकोचं अंग बाहेर येत होतं. तिनं ते लई दिवस माझ्यापासून लपवलं. चालता येईना झालं तेव्हा नगरला नेली. डॉक्टरीणबाईंनी गर्भाची पिशवी खालच्या वाटेनंच काढली. पोटावर चीर नाही. मी विचारलं, "बाई, काढली का नुसतीच झोपवली?"

बाई हसल्या नाहीत. "आजोबा, टाके आत आहेत. दीड महिना वजन उचलायचं नाही, उकिडवं बसायचं नाही, कुंथायचं नाही. ताण पडला तर परत खाली येईल. रक्त गेलं, ताप आला की लगेच आणा. पण नुसती झोपवून ठेवू नका. घरात चालू द्या, नाहीतर पायात रक्ताची गाठ होते."

पारनेरकडच्या आमच्या गावात हे कुणाला पटणार! मोठी भावजय आली, तिनं पदर सारून पोट बघितलं. "टाका न्हाई का पट्टी न्हाई. कसलं आपरेशन गं ह्ये? माझी सून फाडलेलं पोट घिऊन खुरपायला गेल्ती. तूच तेवढी राणीसायब!"

बोललेलं लागलं तिला. सांजेला उठली धार काढायला. म्हशीचं रेडकू मेलेलं, ती हिच्याशिवाय कुणाला पान्हा सोडत नव्हती. धार म्हणजे उकिडवं बसणं आलं. मी बाहेरून कडी घातली.

"अवो, कडी काढा! म्हस तटलीया, कास दगड झाली आसंल."

"तटू दे."

"मुकं जनावर हाय त्ये! मानूस हायसा का कोन?"

आतून ही दार बडवतेय, गोठ्यात म्हैस ओरडतेय, मधे मी चरवी धरून उभा. कुणाकडंच जाता येईना. मग आतलं बडवणं थांबलं.

"दोरीवरचं माजं लुगडं पांघरा. बांगड्या पायजेत का?"

पांघरलं. म्हशीनं हुंगलं, जरा थांबली अन् पान्हा सोडला. भावजय कुंपणावरून ओरडली, "भावजी, डोईवरनं पदर घ्या की!" आत ही हसायला लागली, अन् लगेच, "नका हसवू, आत वढतंय."

दीड महिना काय, पुढंही धार मीच काढली, तेच लुगडं पांघरून. बाईंनी तपासून सांगितलं, सगळं जागच्या जागी आहे.

मागच्या थंडीत ती छातीत कफ भरून गेली. टाके शेवटपर्यंत टिकले. तीच टिकली नाही.

तिचे कपडे वाटायला भावजयच बसली. ते लुगडं मी मांडीखाली दाबून धरलं. तिनं बघितलं अन् पुढच्या लुगड्याची घडी घालायला घेतली.

लेक केडगावला असते. फोनवर भांडते, "आबा, इका ती म्हैस आन् या हिकडं. येकटं काय करताय तिथं?"

कसा जाऊ? एक सांज चुकली तर म्हैस तटते. अन् विकायची तर घेणाऱ्याला लुगडंही द्यावं लागेल. ते मी देणार नाही.