आनंदरावांचे कार्यकर्ते

आमच्या खुटबावचे पुढारी आनंदराव चालायचे ते नाटकातल्या राजासारखे. मी रंगमंचावर राजे केलेत, म्हणून सांगतो, हा राजा फार वाईट वठला होता. तरी गाव टाळ्या वाजवायचं.

दोन हजार सालच्या सुमारास हृदयविकारावर संशोधन करणाऱ्या एक डॉक्टरीणबाई पुण्याहून आल्या. आनंदरावांचं रक्त तपासून त्या म्हणाल्या, "पांढऱ्या पेशी म्हणजे तुमचे कार्यकर्तेच समजा. जखम झाली की धावून येतात. पण उगाच रक्तवाहिनीच्या भिंतीत गर्दी केली, तर सूज येऊन वाट अडते. तुमच्यात ही गर्दी वाढलीय. गोळ्या सुरू करा."

गृहस्थांनी तेवढंच ऐकलं, की कार्यकर्ते वाढलेत.

"ऐकलंस का गं? रक्तातबी आपलीच माणसं," ते बायकोला म्हणाले.

"व्हय, आन् त्यांना च्या कोण पाजतंय?" सरूबाई म्हणाल्या. "गुमान गोळ्या घ्या."

"कार्यकर्ते कमी करायच्या गोळ्या? मी न्हाई घेणार."

सोसायटीची निवडणूक जिंकली आणि मिरवणुकीतच त्यांच्या छातीत कळ आली. सरूबाईंनी त्यांना दौंडला न्यायला जीपमध्ये घातलं. पण जो तो कार्यकर्ता साहेबांशेजारी बसायला धडपडू लागला आणि जीप चावडीपाशीच अडकली.

"सरका की रं, वाट द्या," सरूबाई ओरडत होत्या. जो तो दुसऱ्यालाच सरकायला सांगत होता.

घामानं निथळत आनंदराव पुटपुटले, "ती कमी करायची गोळी कुठं हाय गं?"

जीप पोचली, जीवही वाचला, चांगलं झालं. पण उभ्या जन्मात या नटाला एकच खरं वाक्य मिळालं, आणि तेही त्यानं उशिरा म्हटलं.