जो चहा पितो तो खरा

परशुरामचं नाक देवगड तालुक्यातल्या अर्ध्या बागायतदारांना ठाऊक होतं. आढी लावली, म्हणजे कच्चे आंबे भाताच्या पेंढ्यात थर देऊन पिकत घातले, की पाचव्या दिवसापासून जिवाला घोर लागतो. वरून नुसता पेंढा दिसतो, आत काय चाललंय ते कळत नाही. एखादा आंबा नासला आणि वेळेवर काढला नाही तर तो शेजारच्याला नासवतो, शेजारचा त्याच्या शेजारच्याला. परशा यायचा, दारात चपला काढायचा, खोलीत एक फेरी मारायचा आणि बोट दाखवायचा. "थंय बघ, कोपऱ्यात, तिसऱ्या थरात." तिथे हात घातला की नासका आंबा हाताला लागायचाच.

माझी तीनशे कलमं. बावीस वर्षं माझी आढी त्याच्या नाकावर चालली, आणि त्याच नाकावरून मी त्याला चारचौघांत हाकलला. हे आधीच सांगून टाकतो. पुढे ऐकता ऐकता हा मंगेश, म्हणजे मी, चांगला माणूस आहे असा तुमचा समज व्हायला नको.

नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट. पुण्याच्या गिऱ्हाइकांसाठी लावलेली आढी होती. परशाने फेरी मारली आणि म्हणाला, "बरी आसा. दोन दिस रवांदेत." माझी बायको दारात उभी होती. तिने नाकाला पदर लावला. मलाही आंबूस वास आला. पेंढा उपसला तर मधला अख्खा पट्टा गेलेला. आणि हा तिथेच उभा, चेहऱ्यावर काही नाही. माझं डोकं फिरलं. कामाला आलेल्या बायका, टेंपोवाला, शेजारी, सगळे बघत होते. मी म्हटलं, "दारू पिऊन आढी हुंगतंस रे? चल भायर हो."

तो काहीच बोलला नाही. उलट बोलला असता तर मी तिथेच थांबलो असतो कदाचित. तो गप्प राहिला म्हणून मी आणखी चढलो. "परत तुझ्या घरच्या पाण्याक तोंड लावचंय नाय. रवळनाथाची शपथ." आमच्याकडे ग्रामदेवाची शपथ तोंडातून गेली की गेली. ती मागे घ्यायची तर देवळात घाड्याकडून, म्हणजे गावाच्या वतीने देवाशी बोलणाऱ्या मानकऱ्याकडून, गाऱ्हाणं घालून, देवाला सांगून सोडवून घ्यावी लागते.

परशाने चपला घातल्या आणि गेला. त्या माणसाने जन्मात दारूला हात लावला नव्हता. मला ते माहीत होतं.

माझं बघून बाकीच्यांनीही त्याला बोलावणं बंद केलं. त्याची बायको नर्मदा आधीच वारली होती. मुलगा कौस्तुभ मुंबईला, गणपतीला पाच दिवस यायचा. परशा आपल्या पडवीत बसून राहायचा. चार-पाच वर्षांनी त्याचा उजवा हात थरथरायला लागला. पाय ओढत चालायचा. लोक म्हणायचे, बघा, दारूने काय दशा केली. ही दारू मीच त्याच्या हातात दिली होती, तोंडाने. तरी मी गप्प बसलो. मला लाज वाटत होती आणि त्या लाजेचाच राग येत होता.

गेल्या वर्षी त्याच्या पुतण्याची बायको संचिता माझ्याकडे आली. शेजारच्या घरात राहते, दोन वेळचं जेवण तीच देते त्याला. कणकवलीला पंधरवड्यातून एकदा मेंदूचे डॉक्टर येतात, तात्यांना न्यायचंय, गाडी मिळेल का म्हणाली. शपथ पाण्याची होती, गाडीची नव्हती. मी गेलो. परशा मागे संचिताजवळ बसला, मी पुढे बघून गाडी चालवली.

डॉक्टरांनी त्याला चालायला लावलं, बोटं आपटायला लावली, आणि मग विचारलं, "आजोबा, वास कधीपासून येत नाही?"

मी मागे खुर्चीत बसलो होतो. परशा खाली बघत राहिला. मग एकदम कचेरीतल्यासारखं शुद्ध बोलला, "आठ-नऊ वर्षं झाली असतील. सांगितलं नाही कुणाला. आंब्याचं काम होतं."

डॉक्टरांनी समजावून सांगितलं. मेंदूच्या पेशींत एक प्रथिन असतं, ते सगळ्यांच्यातच असतं. उतारवयात काहींच्या बाबतीत त्याची घडी चुकते. चुकलेलं प्रथिन शेजारच्या चांगल्याला लागलं की तेही तसंच बिघडतं, आणि ते बिघडणं एका पेशीतून दुसरीत, वर्षानुवर्षं सरकत जातं. पुष्कळांच्यात सुरुवात वास घेणाऱ्या भागात होते, नाहीतर आतड्याच्या नसांत. हात थरथरेपर्यंत बरीच वर्षं उलटून गेलेली असतात. आणखी पुढे गेलं की नसलेली माणसं दिसतात, ओळख जाते. गोळ्यांनी थरथर कमी होईल, सरकणं थांबणार नाही. संचिताने भीतभीत विचारलं, हे एकाचं दुसऱ्याला होतं का? "नाही, माणसाचं माणसाला नाही," डॉक्टर म्हणाले.

मला दुसऱ्या कुणी समजावायची गरज नव्हती. उभा जन्म आढीत गेला माझा. ज्या दिवशी मी त्याला हाकलला त्या दिवशी पहिला आंबा त्याच्या डोक्यात नासलेला होता, आणि त्याच्या पेंढ्यात हात घालून तो काढणारं कुणी नव्हतं.

परशाची ओळख जायच्या आत त्याची माफी मागायची, एवढं एकच काम मला उरलं. तरी पाय उचलायला मला आठ महिने लागले. रोज उद्यावर ढकलायचो. एकदा संचिता म्हणाली, तात्या हल्ली भिंतीशी बोलतात. त्या दिवशी दुपारी चार वाजता गेलो.

परशा पडवीत होता. समोर बाकावर चहाचे तीन कप ओळीने ठेवलेले, भरलेले, साय धरलेली. मला बघून त्याने थरथरत्या हाताने चौथा कप पुढे सरकवला. "च्या घे."

"पयला बोलू दी माका," मी म्हटलं. कपाला हात लावला नाही. शपथ अजून सुटायची होती. आधी माफी, मग देवळात गाऱ्हाणं, मग त्याच्या घरचा चहा, असा माझा रीतसर हिशेब. मी म्हटलं, "परशा, चुकी माझी. तुका वास येणा नाय ह्या माका म्हायत नव्हता. आणि दारवेचा मी खोटा बोललंय." सत्तरी गाठलेला माणूस मी, त्याच्या पडवीत उभा राहून रडलो.

त्याने सगळं शांतपणे ऐकलं. "बरा झाला बोललंस," एवढंच म्हणाला. मग कपाकडे बघत राहिला. "च्या थंड जाता."

मी हलका होऊन घरी आलो. नऊ वर्षांत पहिल्यांदा पोटभर जेवलो.

दुसऱ्या दिवशी संचिता रस्त्यात भेटली. म्हणाली, "काका, काल तुम्ही इल्लात ना? तात्या सांगी होते, मंगेश इल्लो, पण तो खरो नाय."

मी विचारलं, म्हणजे काय?

"तेंका नसलेली माणसां दिसतत ना. मगे तेंनी आपली परीक्षा काढल्यानी. जो येयत तेका च्या ठेवतत. जो पिता तो खरो, नाय पिता तो नाय. म्हणाले, मंगेशान च्या घेवक नाय. आणि माफी मागल्यान. खरो मंगेश माफी मागूचो नाय."

मी तिथेच रस्त्याकडेच्या दगडी गडग्यावर बसलो. तेव्हाच उठून परशाच्या घरी गेलो असतो आणि ते चारही कप प्यालो असतो, तर काही आभाळ कोसळणार नव्हतं. देवाला माझ्या मनातलं काय कळत नव्हतं? पण नाही. रीत म्हणजे रीत. आमचा घाडी लेकीच्या बाळंतपणासाठी मुंबईला गेलेला, तो यायला बारा दिवस लागले. बारा दिवस मी थांबलो. बाकी सगळं मला माफ होईल एक वेळ, हे बारा दिवस होणार नाहीत.

त्या बारा दिवसांत परशाला ताप भरला. चार दिवस तो कुणालाच ओळखत नव्हता. ताप उतरला, पण माणूस पहिल्यासारखा झाला नाही. डॉक्टरांनी सांगितलं, अशा आजारात तापाने एकदम पायरी उतरते.

घाडी आला. देवळात नारळ ठेवला, त्याने गाऱ्हाणं घातलं, आम्ही "व्हय म्हाराजा" म्हटलं, शपथ सुटली. तिथून मी तडक परशाकडे गेलो.

परशा पडवीतच होता, खूप वाळलेला. बाकावर आज सात कप होते. मी काही बोलायच्या आत पहिला कप उचलला आणि प्यालो. गार, गोड, वर साय. मला मधुमेह आहे. दुसराही प्यालो. रिकामे दोन्ही कप त्याच्यासमोर पालथे घातले.

त्याने कपांकडे बघितलं, मग माझ्याकडे. त्याचा चेहरा उजळला, मी खोटं सांगत नाही. "संचिता, ह्यो खरो आसा गो. च्या पियालो."

"होय तात्या," संचिता दारातून म्हणाली. "मंगेशकाका ते. आंब्याचे."

परशाने मान हलवली. हळूच, मला वाईट वाटू नये अशा बेताने. "नाय गो. मंगेश आमच्या घरात च्या पिणा नाय. शपथ आसा तेची."

मी म्हटलं, परशा, मीच तो, मंगेश. शपथ सोडवली, आत्ताच देवळातून आलो. त्याने ऐकून घेतलं, पाहुण्याचं ऐकावं तसं. मग माझ्याकडे वाकला आणि मला अहो-जाहो करत म्हणाला, "तुमी तेच्या वळखीचे काय? मगे तेका एक सांगा. माका वास येणा नव्हतो. मी लपयलंय. तेची काय चुकी नाय."

त्याने तिसरा कप माझ्याकडे सरकवला.

"सांगतंय," मी म्हटलं.